‘आई, तू गप्प बस ना!’

स्मरणिकेसाठी लेख मागताना संपादक मंडळाने या वेळी एक प्रेमळ ताकीदही दिली : ‘‘डॉक्टर, लसीकरण नको, जुलाब-उलट्या नकोत, काहीतरी वेगळे लिहा.’’ पंचवीसहून अधिक वर्षे लहान मुले तपासण्यात घालविलेल्या बालरोगतज्ज्ञाने वेगळे ते काय लिहावे, या विवंचनेत चार दिवस गेले. शेवटी एका चित्रपटावर लिहावयाचे ठरविले. चित्रपटाचे परीक्षण करण्याचा माझा अधिकार नाही, याची मला जाणीव आहे. परंतु ज्या आई आणि मुलीची ती गोष्ट आहे, त्या दोघी माझ्या टेबलासमोरच्या दोन खुर्च्यांवर रोज येऊन बसतात. त्यामुळे त्यांच्याविषयी दोन शब्द बोलण्याचा अधिकार मला आहे, असे मी धरून चालते.

तो चित्रपट म्हणजे ‘इंग्लिश विंग्लिश’. ५ ऑक्टोबर २०१२ रोजी तो प्रदर्शित झाला. हिंदीबरोबर तो तमिळ आणि तेलुगूतही आला, त्यामुळे आपल्या आदिलाबाद परिसरातील अनेकांनी तो आपापल्या सोयीच्या भाषेत पाहिला असेल. कथा पुण्यातील एका मराठी कुटुंबाची आहे. शशी गोडबोले ही गृहिणी उत्तम लाडू करते, घरबसल्या ते विकून चार पैसे मिळविते, नवऱ्याचे, सासूचे, दोन मुलांचे सारे काही मनापासून करते. तिच्यात उणे एकच, तिला इंग्रजी येत नाही. एका परदेशी नृत्यप्रकाराचे नाव तिने चुकीचे उच्चारले की घरभर हशा पिकतो. मुलीच्या शाळेतील पालकसभेला ती गेली की इंग्रजी शाळेत शिकणारी तिची वयात आलेली मुलगी सपना संकोचाने अर्धी होते. पुढे भाचीच्या लग्नासाठी शशीला एकटीनेच न्यूयॉर्कला जावे लागते आणि तेथे कुणालाही न सांगता ती चार आठवड्यांच्या इंग्रजीच्या वर्गात नाव घालते.

दिग्दर्शिका गौरी शिंदे मूळच्या पुण्याच्या. त्यांच्या मातोश्रींचा लोणच्यांचा घरगुती व्यवसाय होता आणि त्यांना इंग्रजी फारसे येत नसे. लहानपणी आपल्याला त्याची लाज वाटत असे आणि हा चित्रपट म्हणजे एका परीने आईची मागितलेली क्षमा आहे, असे गौरीबाईंनी पुढे मुलाखतींतून सांगितले आहे. शशीची भूमिका श्रीदेवींनी केली. १९९७ च्या ‘जुदाई’नंतर पंधरा वर्षांनी त्या नायिका म्हणून पडद्यावर परतल्या होत्या. तेलुगू प्रेक्षकांना तर त्या घरच्याच. मात्र शिवकाशीजवळच्या गावी जन्मलेल्या या अभिनेत्रीला आरंभी हिंदी नीट येत नसे. तिच्या पहिल्या अनेक हिंदी चित्रपटांत आवाज दुसऱ्यांचा आहे; १९८९ च्या ‘चांदनी’पासून तिचा स्वतःचा आवाज ऐकू येऊ लागला. परक्या भाषेपुढे जीभ कशी अडखळते, हे त्या केवळ अभिनयाच्या बळावर दाखवीत नसाव्यात, असे मला नेहमी वाटत आले आहे.

ही गोष्ट आपल्या जिल्ह्यात निराळी सांगावी लागत नाही. आपण पैनगंगेच्या अलीकडचे. हा मुलूख निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता, १ नोव्हेंबर १९५६ ला आंध्र प्रदेशात गेला, २ जून २०१४ ला तेलंगणात आला आणि ११ ऑक्टोबर २०१६ ला जुन्या जिल्ह्याचे चार जिल्हे झाले. राज्ये बदलली तरी घरातील मराठी राहिली. बेला-जैनथच्या पट्ट्यात तर आजही अंगणातली भाषा मराठी, कचेरीतली तेलुगू, बाजारातली उर्दू-हिंदी आणि मुलांच्या दप्तरातली इंग्रजी. त्यात नदीपलीकडच्या यवतमाळ, नांदेड, चंद्रपूर जिल्ह्यांतून सुना येतात. त्यांना तेलुगू येत नसते. दोन-चार वर्षांत त्या बाजारापुरती शिकतात. त्यांची मुले मात्र पाचव्या-सहाव्या वर्षीच तीन भाषांत भांडू लागतात. म्हणजे भाषेच्या बाबतीत आपल्या घरांतील लेकरे आईपेक्षा लवकर मोठी होतात आणि गंमत व दुःख, दोन्ही तेथूनच सुरू होतात.

माझी आई अशीच पांढरकवड्याकडून लग्न होऊन आलेली. १९८२ साली मी आठवीत होते. काही कामासाठी मुख्याध्यापकांनी पालकांना बोलाविले. वडील कापसाच्या कामात, म्हणून आई आली. नवे लुगडे, हातात पिशवी. दारात ती उभी राहताच मुख्याध्यापक आदराने म्हणाले, ‘‘चेप्पंडी अम्मा.’’ म्हणजे ‘सांगा, आई.’ आईने ‘चेप्प’ एवढेच ऐकले आणि तिला वाटले, चपलांविषयी काही म्हणत आहेत. ‘‘हो हो, चुकलंच,’’ असे म्हणत ती लगबगीने मागे फिरली, पायातल्या वहाणा व्हरांड्यात काढून ठेवल्या आणि अनवाणी आत येऊन हात जोडून उभी राहिली. तेलुगूत पादत्राणांना ‘चेप्पुलु’ म्हणतात, हे लक्षात घेतले तर तिची चूक मोठी तर्कशुद्ध होती! मुख्याध्यापक हसले, शिपाई हसला, खिडकीतून पाहणाऱ्या माझ्या मैत्रिणी तर हसून लोळल्या. मी काय केले? मी भिंतीवरच्या नकाशाकडे तोंड करून उभी राहिले. ही बाई माझी कुणी नव्हेच, असे मी त्या क्षणी ठरविले होते.

पुढे मी डॉक्टर झाले, हैदराबादेत एम.डी. केले, जिल्ह्यात परतले. हा प्रसंग मी विसरले, असे मला वाटत होते.

२०११ च्या सुमारास तेरा वर्षांची एक मुलगी आईवडिलांसह माझ्याकडे आली. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.) मुलगी इंग्रजी शाळेतली, चुणचुणीत. पोटात दुखते, थकवा येतो, वजन थोडे उतरले आहे, अशी तक्रार. आई सीमेपलीकडची, वऱ्हाडी बोलणारी. तिने सुरुवात केली, ‘‘डाक्टरीनबाई, पोरगी रातीतून चार-चार खेपा उठते वो, पान्याचा तांब्या बी...’’ तोच मुलगी लालबुंद झाली. ‘‘आई, तू गप्प बस ना!’’ असे तिला दटावून ती माझ्याकडे वळली आणि अस्खलित इंग्रजीत सांगू लागली की परीक्षा जवळ आली आहे, जागरण होते, आईला उगीच काळजी करायची सवय आहे. वडील कौतुकाने हसले. मीही हसले. गर्दी होती, मुलीचे बोलणे सुटसुटीत होते, लिहून घ्यायला सोपे होते. पोट तपासले, परीक्षेचा ताण आणि आम्लपित्त असे मनाशी ठरविले, औषध लिहून दिले. माउली खुर्चीच्या कडेवर पदर बोटाला गुंडाळीत बसली होती. तिचे अर्धे राहिलेले वाक्य पुरे करायला मी सांगितले नाही.

तिसऱ्या दिवशी पहाटे मुलीला उचलून आणले. श्वास खोल आणि जोरात चाललेला, ओठ कोरडे, गुंगी, तोंडाला पिकल्या फळासारखा वास. या पानांचे डॉक्टर वाचक निदान माझ्याआधी करतील. बोटाच्या टोकावरील रक्ताच्या एका थेंबाने सारे उघड केले. पहिल्या प्रकारचा मधुमेह आणि त्यातून झालेली कीटोॲसिडोसिस. शरीरात इन्सुलिन नसले की साखर रक्तात साठते, मूत्रपिंडे ती लघवीवाटे बाहेर टाकू लागतात, बरोबर पाणी जाते, म्हणून तहान लागते. पेशी उपाशी राहतात, शरीर चरबी जाळू लागते आणि रक्त आम्लधर्मी होते. पोटदुखी, थकवा, उतरलेले वजन, सारे त्याचेच. रात्री चारदा उठणे आणि न पुरणारा तांब्या या दोन गोष्टी ऐकल्या असत्या तर तो थेंब मी तीन दिवस आधी तपासला असता. ज्यांना त्या ठाऊक होत्या त्यांनी त्या माझ्यासमोर, माझ्याच भाषेत, सांगायला सुरुवात केली होती.

मुलगी अतिदक्षता विभागातून सुखरूप बाहेर आली. मी माउलीपुढे चूक कबूल केली. ती एवढेच म्हणाली, ‘‘मी सांगतच होती बाई.’’ तिच्या आवाजात राग नव्हता. तो असता तर बरे झाले असते.

वर्षभराने दसऱ्याच्या सुट्टीत आम्ही नागपूरला गेलो असताना ‘इंग्लिश विंग्लिश’ पाहिला. आम्ही तिघी होतो : माझी आई, मी आणि माझी चौदा वर्षांची मुलगी. न्यूयॉर्कच्या कॉफीच्या दुकानात शशीला साधी न्याहारी मागता येत नाही, मागे रांग खोळंबते, काउंटरवरची मुलगी तिच्यावर खेकसते आणि ती गोंधळून, भेदरून बाहेर पडते, असा त्यात एक प्रसंग आहे. त्याच्या आरंभी चित्रपटगृहात थोडे हसू उमटले होते. माझी आई हसली नाही. तिने खुर्चीचा हात घट्ट धरला होता.

रात्री जेवणे झाल्यावर आईने आपण होऊन नातीला त्या वहाणांची गोष्ट सांगितली. नक्कल करून सांगितली आणि आम्ही तिघीही पोट धरून हसलो. हसणे ओसरल्यावर ती सहज म्हणाली, ‘‘तुही माय तवा भितीकडे तोंड करून उभी होती. मले दिसलं होतं.’’ तीस वर्षे माझी समजूत होती की तिला ते दिसले नव्हते. ‘‘मग तू कधी बोलली कशी नाहीस?’’ मी विचारले. ती म्हणाली, ‘‘लेकराची उमरच तशी होती. बोलून काय होते? मी आपली पुन्हा शाळेत नाही आली.’’

खरेच. त्यानंतर ती माझ्या शाळेत कधीच आली नव्हती. बक्षीस समारंभालाही नाही. तिला कामे असतात, असे आम्ही सगळे म्हणत असू.

या लेखात मला जे सांगावयाचे आहे ते एवढेच आहे. मुलीची लाज वयाबरोबर सरते. आईचे मौन मात्र मागे उरते.

वैद्यकीय दृष्टीने पाहता मुलीचा दोष फारसा नाही. जागतिक आरोग्य संघटना १० ते १९ वर्षे हे किशोरवय मानते. या काळात मेंदूतील भावनांची केंद्रे लवकर चेतविली जातात, तर विवेक आणि संयम सांभाळणारा पुढचा भाग पूर्ण पक्व व्हायला विशी उलटून जावी लागते. बरोबरीच्या मुलांच्या नजरेचे भय या वयात सर्वांत तीव्र असते. आईपासून निराळे होऊन ‘मी कोण’ हे शोधणे हे तर या वयाचे नेमून दिलेले कामच आहे. त्या शोधात आईची पिशवी, आईचे बोलणे, आईचे लाडू, सगळ्याचीच लाज वाटते. ती वाटली म्हणून मुलगी कृतघ्न ठरत नाही. ‘आजकालच्या मुली!’ असे म्हणून उसासे टाकणाऱ्यांनी १९८२ सालचा तो नकाशा आठवावा.

परंतु नेमकी कशाची लाज वाटावी, हे मुलगी स्वतः ठरवीत नाही. ते तिला आपण शिकवितो. चित्रपटात मला सर्वांत बोचली ती सपना नव्हे, तिचा बाप. तो दुष्ट नाही, व्यसनी नाही, बायकोवर त्याचे प्रेमही आहे. पण चारचौघांत, आपली बायको लाडू करण्यासाठीच जन्माला आली आहे अशा अर्थाचा विनोद तो करतो आणि त्याला त्यात काही वावगे वाटत नाही. मुलगी हे रोज ऐकते. घरातील थोरांच्या हसण्यातून मिळालेली परवानगी ती फक्त वापरते. माझ्या खोलीतही तेच घडले. ‘गप्प बस’ हे शब्द मुलीचे होते. त्यांच्यावर मोहोर वडिलांच्या आणि माझ्या हसण्याने उमटली.

चित्रपटाविषयी दोन तक्रारीही नोंदविते. पहिली ही की बालरोगतज्ज्ञ म्हणून मला सपनाचे मन अधिक पाहावयाचे होते. आईच्या बाजूने उभे राहताना दिग्दर्शिकेने मुलीला बहुतांशी आरोपीच्या पिंजऱ्यात ठेवले आहे. तिला भीती कशाची वाटते, वर्गात तिला काय ऐकून घ्यावे लागते, हे फारसे कळत नाही. दुसरी अशी की लग्नाच्या मांडवात आईने केलेल्या एका भाषणाने सारे घर शहाणे होते. चित्रपटाला तेवढी सवलत द्यावी लागते. माझ्या घरी त्याला तीस वर्षे लागली.

शिवाय शशी सुस्थितीतील आहे. तिची बहीण न्यूयॉर्कला राहते. आपल्याकडच्या, दिवसभर कापूस वेचून संध्याकाळी लेकराला घेऊन येणाऱ्या आईला अशी सहल लाभत नाही. तिच्या जवळची गोष्ट २०१६ सालच्या ‘निल बटे सन्नाटा’त आहे. आग्र्यात घरकाम करणारी आई, शिकून काय होणार म्हणणारी मुलगी, आणि त्या मुलीला ताळ्यावर आणण्यासाठी तिच्याच वर्गात दहावीला जाऊन बसणारी आई. गणितावरून मायलेकींची जी चुरस लागते तिला हसता हसता डोळे भरून येतात. अश्विनी अय्यर तिवारी यांच्या या चित्रपटाचे तमिळ आणि मल्याळम अवतारही निघाले. दोन्ही कथांत वयात येते ती मुलगी, पण मोठी होते आईसुद्धा. तिला तशी संधी मिळावी लागते, आणि ती देणाऱ्यांत आपणही येतो.

येथे माझे व्यवसायबंधू एक रास्त आक्षेप घेतील. किशोरवयीन मुलांशी थेट बोला, आईवडिलांना थोडा वेळ बाहेर बसवा, असे आपल्याला अलीकडे सतत सांगितले जाते. भारतीय बालरोग अकादमी अठरा वर्षांपर्यंतची मुले बालरोगतज्ज्ञांच्या कक्षेत मानते, आणि घर, शाळा, मित्र, व्यसन, लैंगिकता, नैराश्य यांविषयी मुलांशी एकांतात, विश्वासाने बोलावे, असेच शास्त्र आहे. हे मला पूर्ण मान्य आहे. तेरा वर्षांच्या मुलीला काही गोष्टी आईसमोर सांगता येत नाहीत. पण मुलीला स्वतंत्रपणे ऐकणे आणि आईला गप्प बसविणे या दोन अगदी भिन्न गोष्टी आहेत. पहिलीत मुलीला जागा मिळते. दुसरीत आईची जागा जाते. एक मिळविण्यासाठी दुसरी गमावण्याचे कारण नाही.

दुसरा आक्षेप भाषेचा. ‘‘मग मुलांनी तेलुगू, इंग्रजी शिकूच नये काय?’’ अवश्य शिकावी. २०१८ च्या कायद्याने तेलंगणातील शाळांत तेलुगू सक्तीची झाली. येथे राहणाऱ्या आपल्या मुलांच्या ते हिताचेच आहे. चित्रपटही इंग्रजीच्या विरुद्ध नाही. शशी ती जिद्दीने शिकते. आणि शिकून झाल्यावर परतीच्या विमानात ती वाचायला हिंदी वर्तमानपत्र मागते, तो लहानसा प्रसंग मला भाषणाहून मोठा वाटला. नवी भाषा आली म्हणून जुनी टाकून द्यावी लागत नाही. तसेच, नवी येत नाही म्हणून माणूस अडाणी ठरत नाही.

तिसरा आक्षेप वेळेचा. साठ रुग्ण बाहेर ताटकळत असताना आईचे पाल्हाळ कोण ऐकणार? मी स्वतः घड्याळ लावून पाहिले आहे. मध्ये न अडविता ऐकले तर बहुतेक आया दोन मिनिटांत थांबतात. त्या दोन मिनिटांत पुष्कळदा निदान असते. मूल रात्री कितीदा उठते, डबा खरोखर खाते की वाटेत टाकते, पाळीचे दिवस किती लांबतात, हे आईइतके कोणत्याही यंत्राला कळत नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) देशातील १५ ते १९ वयाच्या मुलींपैकी ५९.१ टक्के मुलींना रक्तक्षय आढळला. शंभरातील एकोणसाठ मुली! ‘थकवा येतो’ हे मुलगी सांगेल, पण त्यामागचे कारण सांगणारे वाक्य बहुधा शेजारच्या खुर्चीवर बसलेले असते.

म्हणून मंडळाच्या सभासदांपुढे तीन साध्या सूचना ठेवते.

पहिली : पहिला प्रश्न आईला, तिच्या भाषेत. मराठी असेल तर मराठीत. गोंडी, कोलामी किंवा बंजारा बोलीतील आई असेल तर दवाखान्यातील परिचारिका, वॉर्डबॉय, कुणा जाणत्या मोठ्या माणसाची मदत घ्यावी. मुलाला दुभाषा करू नये. ते लाजेने गाळते, भीतीने बदलते, आणि आईचा आजार असेल तर न पेलणारे ओझे त्याच्या माथी येते.

दुसरी : त्यानंतर मुलीशी एकांतात बोलावे आणि शेवटी दोघींना एकत्र बसवून उपचार समजावून सांगावा. हा क्रम पाळला की कुणाचाही अवमान होत नाही.

तिसरी : मुलीने आईला दटावले तर हसू नये. मुलीवर रागावूही नये. ‘‘थांब बाळ, आईचे पुरे होऊ दे, मग तुझे ऐकते,’’ एवढेच शांतपणे म्हणावे. मुलीला त्यातून जे शिक्षण मिळते ते कोणत्याही व्याख्यानाने मिळत नाही.

आणि डॉक्टर नसलेल्या वाचकांसाठी, विशेषतः वडीलमंडळींसाठी, एक विनंती. मुलांच्या देखत त्यांच्या आईच्या बोलण्याची, उच्चारांची, गावंढळपणाची थट्टा करू नका. ती थट्टा तुम्ही संध्याकाळपर्यंत विसरता. घरातील मूल ती पाठ करते. तसेच मूल वारंवार लघवीला जात असेल, फार पाणी पीत असेल, वजन उतरत असेल आणि थकत असेल, तर कुणी हसले तरी हसू द्या, ते डॉक्टरांना ठासून सांगा आणि साखर तपासायला सांगा.

ती तेरा वर्षांची मुलगी पुढे अनेक वर्षे तपासणीसाठी माझ्याकडे येत राहिली. इन्सुलिनची सुई स्वतः टोचायला शिकली, हळूहळू समजूतदार झाली, आईला पुढे करून ‘‘तूच सांग’’ असे म्हणू लागली. माउली मात्र बोलण्याआधी प्रत्येक वेळी क्षणभर मुलीच्या तोंडाकडे पाही, मग माझ्याकडे, आणि मगच बोले. तिची ती सवय काही मला मोडता आली नाही.

आपल्या दवाखान्यांतून अशी सवय निदान नव्याने कुणाला लागू नये, एवढीच अपेक्षा.